यंत्राच्या आधी झालेला निर्णय

शहरांबद्दल बोलणे निघाले की आपल्याकडे एक वाक्य हमखास येते: आता हे असेच चालायचे. माणसे वाढणार, गाड्या वाढणार, टेकड्या फोडल्या जाणार, ओढ्यांवर भराव पडणार, काळाच्या ओघापुढे कोणाचे काय चालते? बांधकाम व्यावसायिक हे म्हणतो, पालिकेतला अधिकारी म्हणतो, आणि या दोघांच्या कारभाराने बेजार झालेला भाडेकरूही तितक्याच खात्रीने तेच म्हणतो. या बोलण्यामागे असे गृहीत धरलेले असते की तंत्रज्ञान स्वतःच्या गतीने पुढे जाते, शहर त्याच्या मागे फरफटत जाते आणि नागरिकाने जुळवून घ्यायचे असते. अमेरिकी विचारवंत लुईस ममफर्ड (१८९५–१९९०) यांनी जवळपास साठ वर्षे याच समजुतीशी झुंज दिली. यंत्र अवतरते त्याच्या पुष्कळ आधी, आपल्याला कसे जगायचे आहे आणि कोणाला किती सत्ता द्यायची आहे याचा निर्णय झालेला असतो. यंत्र त्या निर्णयाची अंमलबजावणी करते. म्हणून शहर बिघडले तर दोष यंत्रावर टाकून मोकळे होता येत नाही, आणि शहर सुधारायचे तर नव्या यंत्राची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. आज हे म्हणणे पुन्हा तपासून घेण्याची निकड आहे, कारण आपली शहरे ज्या वेगाने खणली आणि रचली जात आहेत, तो वेग काळाने ठरवलेला नाही.

ममफर्ड न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जन्मले, त्याच शहरात वाढले. त्यांनी कोणतीही विद्यापीठीय पदवी घेतली नाही. रस्ते, पूल, गोद्या आणि ग्रंथालये यांतून त्यांचे शिक्षण झाले. शाळकरी वयात त्यांना रेडिओचा नाद होता आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नौदलात त्यांनी रेडिओचेच काम शिकून घेतले. ही बाब मुद्दाम सांगायला हवी, कारण पुढे त्यांच्यावर यंत्रद्वेषाचा शिक्का बसला. १९३४ साली ‘टेक्निक्स अँड सिव्हिलायझेशन’ आणि १९३८ साली ‘द कल्चर ऑफ सिटीज’ हे ग्रंथ आले. १९६१ च्या ‘द सिटी इन हिस्टरी’ला अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. या सगळ्या काळात ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात ते नव्या इमारती आणि रस्त्यांवर सदर लिहीत होते. त्यामुळे त्यांचा विचार ग्रंथालयात बसून केलेल्या इतिहासचिंतनापुरता उरला नाही. समोर उभ्या राहणाऱ्या भिंतीशी त्याची रोज गाठ पडत होती.

औद्योगिक युगाचे मुख्य यंत्र कोणते, असे विचारले तर बहुतेक जण वाफेचे इंजिन म्हणतील. ममफर्ड यांचे उत्तर होते घड्याळ. मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती मठांमध्ये दिवसाच्या आणि रात्रीच्या ठरलेल्या प्रहरी प्रार्थना होत. त्या वेळा चुकू नयेत म्हणून घंटा, घंटा वेळेवर वाजावी म्हणून वेळ मोजण्याची साधने आणि शेवटी तेराव्या-चौदाव्या शतकात मनोऱ्यांवरची यांत्रिक घड्याळे, असा तो क्रम होता. त्याआधी तास ऋतूप्रमाणे लांबत आणि आखूड होत; उन्हाळ्यातला दिवसाचा तास मोठा, हिवाळ्यातला लहान. घड्याळाने सगळे तास सारखे केले आणि वेळ सूर्यापासून, भुकेपासून, शेताच्या कामापासून तोडून ती मोजण्याची, साठवण्याची, विकण्याची वस्तू बनवली. जेम्स वॉटने आपल्या इंजिनाचे पेटंट घेतले १७६९ मध्ये. तोवर युरोपातली शहरे चार-पाच शतके ठोक्यांवर जगायला शिकली होती. गिरणीचा भोंगा वाजण्यापूर्वी भोंग्याचे ऐकणारी माणसे तयार झालेली होती, हा ममफर्ड यांच्या मांडणीचा गाभा. यंत्रयुगाची सुरुवात कोळशाच्या खाणीत शोधणाऱ्यांना ती सापडत नाही, कारण ती शिस्तीच्या एका नव्या कल्पनेत आहे.

याचा एक पडताळा मुंबईतच मिळतो. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. तार आणि रेल्वे यांच्या सोयीचे हे गणित कागदावर निरुपद्रवी दिसते, पण घड्याळे पुढे सरकली की सूर्याच्या हिशेबाने कामगाराला तेवढेच आधी दारात हजर व्हावे लागणार होते. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी या बदलाचा निषेध केला. मुंबई महापालिकेनेही आपली ‘मुंबई टाइम’ सोडली नाही आणि हा हट्ट स्वातंत्र्यानंतरही, १९५५ पर्यंत चालला. दोन्ही वेळा दाखवणारे यंत्र एकच होते. त्याने कोणती वेळ दाखवायची हा प्रश्न मात्र वाइसरॉयचे सरकार, गिरणीमालक, नगरपिते आणि कामगार यांच्यातला होता. आज आपल्या शहरांत दहा मिनिटांत सामान घरपोच करण्याचा वायदा केला जातो आणि तो पाळण्यासाठी एक तरुण सिग्नल तोडत दुचाकी हाणतो, तेव्हा ही दहा मिनिटे मोबाइल फोनने ठरवलेली नसतात. ती कोणीतरी ठरवलेली असतात, आणि ठरवणारा माणूस रस्त्यावर नसतो.

ममफर्ड सुरुवातीला आशावादी होते. कोळसा आणि लोखंड यांच्या काळाने माणसांना एका जागी कोंबले, नद्या काळ्या केल्या, कामगारवस्त्या धुराने भरल्या. वीज मात्र तारेवरून कुठेही नेता येते, तिला धूर नाही, मोठ्या कारखान्याचीच अट नाही. त्यामुळे उद्योग लहान गावांत पसरतील, महानगरांची सूज उतरेल, माणूस आणि निसर्ग यांची पुन्हा गाठ पडेल, असे त्यांना १९३४ मध्ये वाटत होते. घडले वेगळेच. वीज आली, मोटार आली, वस्ती पसरलीही, पण त्यातून लहान, स्वयंपूर्ण गावे झाली नाहीत. शहराला चिकटलेली, मोटारीवाचून जगता येणार नाही अशी उपनगरे झाली. १९५६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने महामार्गांचा कायदा संमत केला: ४१,००० मैलांचे जाळे, १३ वर्षांसाठी २५ अब्ज डॉलर, आणि खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राचा. हा ९० टक्क्यांचा आकडाच सगळे सांगतो. एखाद्या शहराला बस आणि आगगाडी सुधारायची तर बहुतांशी स्वतःच्या खिशात हात घालावा लागे. वस्तीच्या मधून महामार्ग काढायचा तर दहातले नऊ डॉलर बाहेरून येत. अशा अटीवर कोणते शहर आगगाडी निवडेल? मोटारीने अमेरिकी शहरांचा पराभव केला असे म्हटले जाते. वास्तविक सामना सुरू होण्याआधीच पारडे झुकवून ठेवलेले होते. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, ममफर्ड यांनी इशारा दिला की या कायद्याचे परिणाम लोकांना कळतील तेव्हा फार उशीर झालेला असेल.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात तर तो उशीर आधीच झाला होता. शहराची सार्वजनिक बांधकामे वर्षानुवर्षे आपल्या मुठीत ठेवणारे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांनी तिथे १९४८ पासून एक द्रुतगती मार्ग काढला. ईस्ट ट्रेमाँट या भागातल्या जेमतेम एका मैलासाठी सुमारे दीड हजार कुटुंबांची घरे पाडावी लागणार होती. रहिवाशांनी बाजूच्या उद्यानाच्या कडेने जाणारा पर्यायी मार्ग आखून दिला. त्यात बहुतेक घरे वाचत होती आणि रस्ताही लांबत नव्हता. मोझेस यांनी तो मानला नाही. मोझेस एकदाही लोकांच्या मतांनी निवडून आलेले नव्हते, पुलांच्या टोलचा पैसा त्यांच्या हाती होता आणि त्यांना जाब विचारण्याची जागा शहराच्या रचनेतच नव्हती. स्थापत्यशास्त्राला दोन्ही मार्ग सारखेच शक्य होते, म्हणून इथे तंत्राने सक्ती केली असे म्हणायला जागा उरत नाही. ममफर्ड यांच्या सबंध लेखनाचा अर्थ मला या एका मैलात सर्वांत स्पष्ट दिसतो.

युद्ध, अणुबाँब आणि महामार्ग पाहिल्यावर त्यांचा सूर पालटला. मुलाचे नाव त्यांनी आपल्या गुरूंवरून गेडिस ठेवले होते. हा मुलगा १९४४ मध्ये इटलीच्या आघाडीवर मारला गेला. हिरोशिमानंतर त्यांनी अण्वस्त्रांच्या विरोधात लिहायला उशीर केला नाही, १९४६ च्या सुरुवातीलाच ते बोलले. १९६७ आणि १९७० मध्ये दोन भागांत आलेल्या ‘द मिथ ऑफ द मशीन’मध्ये त्यांनी ‘महायंत्र’ ही संकल्पना मांडली. पहिले मोठे यंत्र लोखंडाचे नव्हते, माणसांचे होते, असे ते म्हणतात. गिझाचा मोठा पिरॅमिड चाकाच्या गाड्या आणि लोखंडी हत्यारे नसताना उभा राहिला. सुमारे २३ लाख दगड, आणि त्यांची सरासरी अडीच टनांच्या आसपास. हे काम करणारे यंत्र म्हणजे हुकूम, नोंद आणि शिस्त यांनी एकमेकांना जोडलेली हजारो माणसे. या मांडणीवर पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप रास्त आहे: पिरॅमिडजवळच्या कामगारवस्तीच्या उत्खननातून दिसते की ही माणसे साखळदंडातले गुलाम नव्हती; त्यांना भाकरी, बिअर आणि मांस मिळे, जखमींवर उपचार होत, मेलेल्यांना सन्मानाने पुरले जाई. ममफर्ड यांनी रंगवलेल्या चित्रातला जुलमाचा रंग त्यामुळे थोडा उतरतो. पण चित्राची रेषा मात्र अधिक ठळक होते. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे जगातले सर्वांत जुने लिहिलेले पपायरस सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे चाळीस माणसांच्या टोळीने तुरा येथील खाणीतला चुनखडीचा दगड होडीत भरला, रात्र कुठे काढली, गिझाला कधी पोहोचली, रिकामी कधी परतली, हे दिवसवार रकान्यांत लिहिलेले आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हे हजेरीपुस्तक ममफर्ड यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी उजेडात आले, आणि कारकुनाची लेखणी हाच महायंत्राचा कणा हे त्यांचे म्हणणे त्याने जवळजवळ शब्दशः खरे केले. पोटभर जेवलेला माणूससुद्धा यंत्राच्या चाकाचा दात होऊ शकतो.

मग यावर उतारा काय? तो ममफर्ड यांना ज्या गुरूंकडे सापडला, ते पॅट्रिक गेडिस आपल्या इतिहासाचाही भाग आहेत. स्कॉटलंडचे हे जीवशास्त्रज्ञ १९१४ साली भारतात आले. शहरांविषयीचे त्यांचे फिरते प्रदर्शन घेऊन येणारे जहाज ‘एमडेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले, तरी त्यांनी नवे साहित्य जमवून १९१५ मध्ये मद्रासला ते पुन्हा उभे केले. त्यानंतर त्यांनी डझनावारी भारतीय शहरे पायी हिंडून अहवाल लिहिले आणि १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यासन सांभाळले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचे विद्यार्थी आणि त्या विभागातले उत्तराधिकारी. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढण्याचा सपाटा लावला होता, आणि पाडलेल्या खोल्यांची भरपाई नव्या खोल्यांनी होत नव्हती. त्या काळात ही पद्धत देशभर आदर्श मानली जात होती. गेडिस यांनी तिला विरोध केला. आधी पाहणी करा. गल्लीतले प्रत्येक घर, विहीर, पार, झाड बघा. पडके एखाद-दुसरे घर काढून हवा आणि चौक मोकळा करा. बाकीच्यांना हात लावू नका. असे केल्याने खर्चही वाचतो आणि माणसे विस्थापित होत नाहीत, हे ते नकाशे शेजारी शेजारी ठेवून दाखवीत.

होळकरांच्या इंदुरात त्यांनी केलेला प्रयोग अजून वाचताना अंगावर काटा येतो. प्लेग ठाण मांडून होता आणि सक्तीच्या उपायांना लोक वैतागले होते. गेडिस यांनी दरबाराकडून एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक जाहीर केली. मिरवणुकीचा मार्ग आधी सांगितला नाही. जो भाग सर्वांत स्वच्छ असेल तिथून ती जाईल, एवढेच सांगितले. पेठापेठांत चढाओढ लागली, घरे साफ झाली, कचऱ्याच्या गाड्यांच्या गाड्या बाहेर निघाल्या. मिरवणुकीत हत्ती-घोड्यांमागून रोगाचे राक्षस आले, प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा आली, आणि मग पांढरे नवे कपडे घातलेले, फुले माळलेले सफाई कामगार आले. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. जंतुनाशक तेच, झाडू तेच होते. लोकांनी ते स्वतःहून हातात घेतले, एवढाच बदल झाला. १९४७ मध्ये गेडिस यांच्या भारतीय अहवालांतील निवडक भाग पुस्तकरूपाने निघाले, त्याची प्रस्तावना ममफर्ड यांनी लिहिली. संस्कृतीचे नूतनीकरण म्हणताना ममफर्ड यांच्या डोळ्यासमोर मुख्यतः हेच होते: नागरिकाने आपले शहर स्वतः पाहणे, त्याची मर्यादा ठरवणे आणि त्यात भाग घेणे. शहर ही त्यांच्या लेखी सामाजिक जीवनाची रंगभूमी आहे. रस्ते, नळ, इमारती हा तिचा मांडव. मांडव किती मोठा झाला यापेक्षा त्यात किती जणांना भूमिका मिळाली, हा त्यांचा निकष.

या निकषाला पहिले आव्हान त्यांच्याच शहरातून आले. ममफर्ड आणि त्यांचे सहकारी हे एबनेझर हॉवर्ड यांच्या उद्याननगरीच्या कल्पनेवर वाढलेले. हॉवर्ड यांचे आदर्श नगर ३२,००० वस्तीचे, सभोवती शेतीचा पट्टा असलेले. क्वीन्समधल्या सनीसाइड गार्डन्समध्ये १९२४ ते १९२८ दरम्यान साधी विटांची घरे आणि मध्ये सामाईक अंगणे अशी वसाहत या गटाने बांधली. ममफर्ड तिथे दहा वर्षांहून अधिक काळ राहिले. जेन जेकब्ज यांनी १९६१ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात या परंपरेवर तुटून पडत म्हटले की ही मंडळी शहरावर प्रेम करत नाहीत. दाटी, सरमिसळ, रस्त्यावरची सततची वर्दळ यांतच शहराची सुरक्षितता आणि जोम असतो. ममफर्ड यांनी पुढच्या वर्षी दिलेले उत्तर तिखट होते आणि त्यात वडीलकीचा अहंकार डोकावतो, हे मान्य करायला हवे. रस्त्याच्या बाबतीत जेकब्ज बरोबर होत्या. परंतु लोअर मॅनहॅटनमधून मोझेस यांनी काढायला घेतलेल्या द्रुतगती मार्गाला दोघांनीही विरोध केला आणि १९६९ मध्ये तो रद्द झाला. दोघांचे भांडण घरे किती दाट असावीत यावर होते. ते कोणी ठरवावे यावर नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो मराठी वाचकाला सुचायलाच हवा. लहान वस्ती, ओळखीचे शेजारी, माणसाच्या मापाचे गाव या सगळ्याचे गोडवे गाताना त्या गावात वेशीबाहेर कोण राहतो हे विचारले जाते का? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर म्हटले, ते अनुभवातून आणि अभ्यासातून. ज्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या कामाची पद्धत गेडिस यांना मान्य नव्हती, त्याच ट्रस्टच्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली, आणि महानगरातल्या गर्दीने, कॉलेजांनी, ग्रंथालयांनी त्यांना जे दिले ते कोणतेही टुमदार गाव देऊ शकले नसते. इंदूरच्या मिरवणुकीत फुले माळलेला सफाई कामगार दुसऱ्या दिवशी कोणत्या वस्तीत परतला, कोणत्या पाणवठ्यावर त्याला पाणी मिळाले, हा प्रश्न गेडिस यांच्या प्रयोगाला विचारला गेलाच पाहिजे. अमेरिकेतही १९४७ नंतर लाँग आयलंडवर वसलेल्या लेव्हिटाउनच्या कराराने गोऱ्यांखेरीज कोणाला तिथे राहण्यास मनाई केली होती. अंगण सामाईक असले म्हणजे समाज सामाईक होत नाही. ममफर्ड यांच्या पहिल्या उत्साहात ही जाणीव कमी पडते, असे माझे मत आहे. तरीही त्यांचा निकष या आक्षेपाने मोडत नाही, उलट त्याला धार येते. रंगभूमीवर किती जणांना भूमिका मिळाली हेच मोजायचे असेल तर जातीने किंवा वंशाने लोकांना बाहेर ठेवणारे गाव या परीक्षेत साफ नापास होते, आणि आंबेडकरांना वाचनालयाचा दरवाजा उघडा ठेवणारी मुंबई उत्तीर्ण होते, तिच्या चाळीची खोली कितीही लहान असली तरी. आकार हे साधन आहे. सहभाग हे साध्य. खुद्द ममफर्ड यांच्या लेखनात या दोहोंची कधी कधी गल्लत होते, आपण ती टाळावी.

नवी मुंबईची कहाणी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. १९६०च्या दशकाच्या मध्यावर चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी सुचवले की दक्षिणोत्तर लांबत चाललेल्या मुंबईवरचा भार खाडीपलीकडे एक जोडशहर उभारून कमी करावा. मोठ्या शहराला प्रतिचुंबक देण्याची ही कल्पना हॉवर्ड आणि ममफर्ड यांच्या प्रादेशिक विचाराच्या जवळची आहे. हे शहर उभारण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. पण कल्पनेचा कणा होता सरकारी कचेऱ्या आणि व्यापार पलीकडे नेणे. मंत्रालय हलले नाही. त्याच सुमारास नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. म्हणजे ज्या वर्षांत भार खाडीपार न्यायचा होता, त्याच वर्षांत तो दक्षिणेच्या टोकाला वाढवला गेला. आणि ज्यांच्या शेतांवर व मिठागरांवर नवे शहर उभे राहणार होते त्यांचा सहभाग कोणी मागितला नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी बळी पडले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याच्या योजनेचा रस्ता खुला झाला. आराखडा उत्तम होता, अभियंते उत्तम होते, पूलही झाला, आगगाडीही पोहोचली. कमी पडला तो राजकीय निर्णय, आणि भूमिपुत्राला नागरिक मानण्याची तयारी.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळे प्रवचन झाले. सत्ता आणि पैसा यांच्यापुढे विचारवंताच्या निकषाला कोण विचारतो? ममफर्ड यांच्या उत्तरकाळच्या ग्रंथांत निराशा इतकी दाटली आहे की हा आक्षेप त्यांनाच पटला असावा असे वाटते. परंतु केलेला निर्णय फिरवता येतो याचे दाखले त्यांच्यानंतर वाढतच गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावरचा दुमजली महामार्ग १९८९ च्या भूकंपात खिळखिळा झाल्यावर शहराने तो पुन्हा बांधला नाही, पाडून टाकला आणि समुद्रकिनारा लोकांना मोकळा केला. सोलमध्ये ओढ्यावर बांधलेला उन्नत रस्ता २००३ ते २००५ दरम्यान काढून ओढा पुन्हा उघडा करण्यात आला. दोन्ही ठिकाणी हे रस्ते एके काळी अपरिहार्य म्हणूनच बांधले गेले होते.

आपल्याकडेही हा दरवाजा कायद्याने उघडा आहे, आपण त्यातून क्वचित जातो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रत्येक शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून त्यावर हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. कोणत्या भूखंडावर शाळा, कोणत्या ओढ्यावर रस्ता, कोणत्या मैदानाचे आरक्षण उठले, हे त्या नकाशांत लिहिलेले असते. तो नकाशा पालिकेच्या भिंतीवर लागेल तेव्हा आपल्या गल्लीचा तुकडा शोधावा, शेजाऱ्यांना सोबत न्यावे, जे भाडेकरू आहेत आणि ज्यांची झोपडी नकाशावर दिसतच नाही त्यांनाही न्यावे, आणि मुदतीच्या आत हरकत लेखी द्यावी. २०१५ साली मुंबईच्या प्रारूप आराखड्यावर नागरिकांनी अशाच हजारो हरकती नोंदवल्या, आणि त्या एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो आराखडा मागे घेऊन दुरुस्तीसाठी परत पाठवावा लागला.